कोपरा फाटलेलं कार्ड

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीत आनंदीबाई जोशी आणि कार्पेंटरबाईंच्या पत्रव्यवहाराला 'त्या काळचं व्हॉट्सअ‍ॅप' म्हटलेलं वाचलं. काल दिवसभर गप्प बसलो, आज राहवत नाही.

आरएमएसमध्ये, म्हणजे रेल्वेच्या टपालसेवेत, पत्रं निवडणारा सॉर्टर म्हणून माझी बत्तीस वर्षं गेली, म्हणून जरा जास्तच झोंबलं असेल. पण आनंदीबाईंचे यजमान गोपाळराव टपाल खात्यात कारकून होते, हे अख्ख्या लेखात एका शब्दानं नाही! बदली झाली की बिऱ्हाड उचलायचं: अलिबाग, कोल्हापूर, भूज, कलकत्ता, श्रीरामपूर. आणि हे श्रीरामपूर बंगालमधलं हो. तुमच्या नकाशात ते थेट बेलापूरशेजारी आहे.

१८८० साली दंतवैद्याकडे ताटकळत बसलेल्या बाईच्या हाती एक मासिक पडतं. त्यात गोपाळरावांचं पत्र छापलेलं असतं, आणि ओळखपाळख नसताना ही बाई, म्हणजे कार्पेंटरबाई, अमेरिकेत न्यू जर्सीतल्या रोझेलहून लिहिते. पत्र जाऊन उत्तर यायला दोन-अडीच महिने सहज. इकडून डोकेदुखीचं लिहायचं, तिकडून औषध यायचं, तोवर इथे दुसरंच काही दुखत असायचं. तरी ती बाई 'मावशी' झालीच. आमच्या घरच्या ग्रुपवर मी गुडघ्याचं ऑपरेशन कळवलं तर चार मिनिटांत अकरा अंगठे आले. घरी कोणी फिरकलं नाही.

कोपरा फाडलेलं कार्ड म्हणजे कोणीतरी गेलं, हे आपल्या लेखकमहाशयांना कोणी सांगितलं नसावं. मी आठ-नऊ वर्षांचा असताना धाकट्या आत्याच्या गावाहून असं कार्ड आलं. आत्या दिवसांत होती. आजीनं कार्ड हातातसुद्धा घेतलं नाही, उंबऱ्यातच मटकन बसली. शेजारच्या काकू धावत आल्या, चुलीवरचं पिठलं कोणीतरी उतरवलं. वडील कामावर, मग वाचणार कोण? मला ओट्यावर उभं केलं. 'मुलगा झाला, दोघंही खुशाल', एवढाच मजकूर. कोपरा गठ्ठ्याच्या सुतळीत अडकून गेला होता! आजीनं आधी मलाच एक धपाटा घातला, मग हातावर साखर ठेवली. पुढे नोकरीत कार्डाचा कोपरा दुमडलेला दिसला की मी तो नखानं सरळ करायचो. साहेब ओरडायचे, गाडी सुटेल म्हणून.

आणि शेवटचं. २६ फेब्रुवारी १८८७ ला आनंदीबाई पुण्यात गेल्या, वयाची बावीसही पुरी नव्हती. गोपाळरावांनी त्यांची रक्षा या मावशीकडेच पाठवली. न्यूयॉर्क राज्यातल्या पोकिप्सीला कार्पेंटर कुटुंबाच्या जागेत ती पुरलेली आहे. हे कसं फॉरवर्ड करायचं, तेवढं लेखकांनी पुढच्या रविवारी कळवावं.

आपला,
एक निवृत्त सॉर्टर, वाई

ता. क. सोमवारचं शब्दकोडं मागच्या गुरुवारचंच आहे. मी कात्रणं ठेवतो, त्यामुळे नाही म्हणू नये.