मुलींचा खतना: एका घराने ठरवून भागत नाही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

६ फेब्रुवारी हा स्त्रियांच्या जननेंद्रियांच्या विच्छेदनाविरुद्धचा आंतरराष्ट्रीय दिवस. त्या निमित्ताने आपल्या दैनिकाने आतल्या पानावर, परदेशच्या बातम्यांत, चार ओळींची एक बातमी दिली आणि सोबत गंजलेल्या पात्याचे चित्र छापले. बातमी चुकीची नव्हती. जगातील २३ कोटींहून अधिक मुली व स्त्रिया या प्रथेतून गेल्या आहेत, हा युनिसेफने २०२४ मध्ये दिलेला आकडाही तिच्यात बरोबर होता. परंतु ती वाचून पान उलटणाऱ्याचा समज असाच झाला असणार की, ही आफ्रिकेतल्या कुठल्या तरी दूरच्या मुलखातली गोष्ट आहे आणि तिच्याविषयी हळहळण्यापलीकडे आपल्या हातात काही नाही. हे दोन्ही समज खरे नाहीत, म्हणून हे पत्र.

गोव्याहून रात्री बसमध्ये बसले की सकाळी मुंबई येते. त्या मुंबईत, आणि गुजरात-राजस्थानातही, दाऊदी बोहरा या मुस्लिम समाजातील अनेक कुटुंबांत ही प्रथा चालत आलेली आहे. तिला खतना किंवा खफ्ज असे म्हणतात. मुलगी सात वर्षांच्या आसपास आली की घरातलीच एखादी वडीलधारी बाई, बहुधा आजी, तिला खाऊचे किंवा फिरण्याचे निमित्त सांगून घेऊन जाते, आणि तिच्या शिश्निकेवरील त्वचा, कधी कधी त्याहून अधिक भाग, कापला जातो. पूर्वी हे काम ठरावीक बायका करीत. आता काही घरे मुलीला दवाखान्यात नेतात. त्या त्वचेला घरगुती बोलण्यात ‘हराम की बोटी’, म्हणजे पापाचा मांसतुकडा, म्हणतात, आणि एवढ्या एका शब्दप्रयोगातच प्रथेचे कारण उघड होते. याच समाजातील काही स्त्रिया मात्र ही बाब निरुपद्रवी व श्रद्धेची आहे असे जाहीरपणे सांगतात आणि त्यासाठी त्यांनी संघटनाही उभारली आहे. त्यांचे म्हणणे ऐकून घ्यायलाच हवे. तरीही जागतिक आरोग्य संघटनेच्या व्याख्येत वैद्यकीय कारणाशिवाय केलेले कापणेच नव्हे, तर टोचणेसुद्धा येते, आणि सात वर्षांच्या मुलीला कोणी काही विचारलेले नसते, हा मुद्दा त्या उत्तराने सुटत नाही.

इथे एक खुलासा आधीच करते, कारण हा विषय निघाला की काही मंडळींना एका धर्माला झोडपण्याची संधी मिळाल्याचा आनंद होतो. भारतातील बहुसंख्य मुसलमान कुटुंबांत मुलींच्या बाबतीत असे काही केले जात नाही. उलट इथिओपिया, केनिया, इजिप्त या देशांत अनेक ख्रिस्ती घरांतही ही प्रथा राहिलेली आहे, आणि २००७ मध्ये बुदूर नावाच्या बारा वर्षांच्या मुलीचा या शस्त्रक्रियेत मृत्यू झाल्यावर इजिप्तच्या मुख्य मुफ्तींनीच ती निषिद्ध असल्याचे जाहीर केले होते.

मग ही प्रथा सुटते कशी? याचे मला पटलेले उत्तर पश्चिम आफ्रिकेतल्या सेनेगलमधून येते. तिथे ‘तोस्तान’ नावाची संस्था खेड्यांतील बायकांसाठी त्यांच्याच भाषांत वर्ग घेत असे. त्या वर्गांत लिहिणे-वाचणे होते, आरोग्य होते, माणसाचे हक्क होते. खतन्याविरुद्धची भाषणे नव्हती. अशा वर्गातून बाहेर पडलेल्या मालिकूंदा बांबारा या गावच्या स्त्रियांनी ३१ जुलै १९९७ रोजी पत्रकारांसमोर सांगितले की, आम्ही आमच्या मुलींना यापुढे कापणार नाही. त्यांचे कौतुक झाले, पण शेजारच्या गावांनी त्यांना शिव्याही कमी दिल्या नाहीत. यानंतर जे घडले ते मला अधिक महत्त्वाचे वाटते. केर सिंबारा गावचे वृद्ध इमाम देंबा जावारा यांनी त्या स्त्रियांना सांगितले की, एका गावाने ठरवून भागणार नाही, कारण आपल्या मुली ज्या गावांत दिल्या जातात आणि जिथून सुना आणल्या जातात ती सगळी गावे म्हणजे एकच कुटुंब आहे. अशा मुलीला तिथे कोण करून घेणार? मग ते स्वतः पायी निघाले आणि नात्यातल्या गावांमधून बसून बोलत फिरले. फेब्रुवारी १९९८ मध्ये जाबुगू येथे तेरा गावांनी एकत्र येऊन प्रथा सोडल्याचे जाहीर केले. सेनेगलचा कायदा त्यानंतर, जानेवारी १९९९ मध्ये झाला. पुढे हजारो गावे या वाटेने गेली. घोषणेने प्रथा एका दिवसात नाहीशी होत नाही, सेनेगलमध्येही ती अजून पुरती संपलेली नाही. पण आपण एकटे नाही हे आईबापांना कळण्याचा दुसरा मार्ग मला तरी दिसत नाही.

देंबा जावारांचे म्हणणे मी पहिल्यांदा वाचले तेव्हा मला परकेपणा वाटला नाही, कारण जवळपास हेच बोलणे मी माझ्या आजीच्या तोंडून ऐकलेले होते. मी गोमंतक मराठा समाजातली, म्हणजे पूर्वी देवळांच्या सेवेत असलेल्या कलावंतिणींच्या घराण्यातली. आजीचा शेंस झालेला होता. दुसऱ्या मुलीला नवरदेवाचा वेष देऊन तिच्याशी लग्न लावायचे आणि मुलीला देवाच्या सेवेला वाहायचे, असा तो विधी. आमच्या घराण्यांना नावे ठेवणारे पुष्कळ होते, पोर्तुगीज राजवटीने पूर्वी कलावंतिणींविरुद्ध हुकूमही काढले होते. त्यातून कोणाची मुलगी सुटली नाही. १९२०च्या दशकात समाजातलीच माणसे, त्यांत पैंगीणचे राजाराम पैंगीणकर पुढे होते, सभा भरवू लागली आणि घराघरांत जाऊन बोलू लागली. आजी सांगायची की, त्या वेळी घराघरांत प्रश्न एकच होता: शेंस केला नाही तर पोरीला करून कोण घेणार? त्याला उत्तरही समाजानेच दिले. आपली मुले आपणच शिकवायची, आपल्या मुली आपल्याच मुलांना द्यायच्या, आणि हे दहा घरांनी एकाच वेळी करायचे. माझ्या आईचे लग्न असेच जमलेले. आजीने आपल्या लेकीचा शेंस केला नाही, पण हे धैर्य आपले एकटीचे होते असे तिने कधीही म्हटले नाही. ‘सगळ्यांनी केले म्हणून मी केले’ एवढेच ती म्हणत असे. दोन प्रथा सारख्या नाहीत, हे मला ठाऊक आहे. आईबाप मुलीचे वाईट व्हावे म्हणून काही करीत नाहीत, तिला चारचौघींत जागा मिळावी म्हणून करतात, ही गाठ मात्र दोन्हीकडे एकच आहे.

बोहरा समाजातील स्त्रियांनी ती गाठ स्वतःच सोडवायला घेतली आहे, आणि हे आपल्या बातमीत यायला हवे होते. २०१५ पासून ‘सहियो’ ही संस्था आणि मासूमा रानालवी यांच्या पुढाकारातून उभा राहिलेला स्त्रियांचा गट या विषयावर उघडपणे बोलू लागला. सहियोने ३८५ बोहरा स्त्रियांना प्रश्न विचारले, तेव्हा त्यांपैकी ८० टक्के जणींनी आपला खतना झाल्याचे सांगितले. स्वतःहून उत्तर देणाऱ्यांची ही पाहणी आहे, तिला समाजाची गणना समजू नये. पण ज्या गोष्टीविषयी आई-मुलीतही शब्द निघत नव्हता, तिच्याविषयी इतक्या जणी बोलल्या. सहियोचा ‘थाल पे चर्चा’ हा उपक्रम मला विशेष आवडला. बोहरा कुटुंबे एका मोठ्या थाळाभोवती बसून एकत्र जेवतात. तशाच थाळाभोवती बायका जमतात आणि जेवता जेवता या विषयावर बोलतात. ज्याने कोणी हे सुचवले, त्याला घरे कशी बदलतात हे नक्कीच ठाऊक असले पाहिजे.

कायदा नको असे मी म्हणत नाही. सर्वोच्च न्यायालयात २०१७ मध्ये या प्रथेविरुद्ध जनहित याचिका दाखल झाली आणि पुढे हा प्रश्न विस्तारित खंडपीठाकडे सोपवला गेला. २०१७च्याच मे महिन्यात केंद्रीय महिला व बालविकासमंत्र्यांनी, समाजाने स्वतःहून प्रथा सोडली नाही तर कायदा आणू, असे म्हटले होते. डिसेंबरमध्ये मात्र त्याच मंत्रालयाने न्यायालयाला सांगितले की, भारतात अशी प्रथा असल्याची अधिकृत आकडेवारी किंवा अभ्यास उपलब्ध नाही. मोजलेच नाही तर आकडेवारी येणार कुठून, हे त्या प्रतिज्ञापत्रात कोणी लिहिले नाही. दुसऱ्या बाजूला, नुसता कायदा किती तोकडा असतो हे सेनेगलच्या शेजारच्या गांबियात दिसते. तिथे २०१५ मध्ये बंदी आली, आणि २०२४ मध्ये ती उठवण्याचे विधेयक संसदेत आले. जुलैमध्ये ते फेटाळले गेले ते तिथल्या स्त्रियांनी गावोगाव चिकाटीने केलेल्या कामामुळे. इजिप्तमध्ये २००८ पासून बंदी असूनही पाते दाईच्या हातून डॉक्टरच्या हातात गेले एवढेच, अशी तक्रार आजही आहे.

गोव्यात हे घडते असे सुचवण्यासाठी मी लिहीत नाही. कोणा शेजाऱ्याच्या घराकडे बोट दाखवायचा माझा हेतू नाही, आणि वाचकांनीही ते करू नये. पण गोव्याने २००३ मध्येच मुलांसाठी स्वतंत्र कायदा केला आणि त्यासाठी स्वतंत्र बाल न्यायालय दिले. समान नागरी कायद्याचा आपल्याला अभिमान असतो, पण लग्न आणि वारसा यांपलीकडे सात वर्षांच्या मुलीच्या शरीराविषयी तो काही बोलत नाही. बोलू शकेल तो हा मुलांचा कायदा. त्याच्या आधारे राज्य सरकारने निदान डॉक्टरांना, परिचारिकांना आणि शाळांतील समुपदेशकांना या विषयाची माहिती द्यावी. अशी मुलगी समोर आली तर पहिले वाक्य काय बोलावे हे मला तरी सेवेत असताना कोणी शिकवले नव्हते, आणि माझ्या वर्गात अशी मुलगी कधी बसली होती का, हे मला आता कळणार नाही.

आपल्याला विनंती एवढीच की, पुढच्या वर्षी ६ फेब्रुवारीच्या निमित्ताने ही बातमी आतल्या पानावर न देता रविवारच्या पुरवणीत द्यावी, आणि पात्याच्या चित्राऐवजी थाळाभोवती बसलेल्या बायकांचे छायाचित्र छापावे.

आपली नम्र,
एक निवृत्त मुख्याध्यापिका,
फोंडा, गोवा