अकरा महिन्यांचं बदलापूर

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मागच्या शनिवारी तुमच्या घरांच्या पुरवणीत बदलापूर-वांगणी पट्ट्यावर अख्खं पान होतं. डोंगर, नदी, शांतता, मुंबईच्या मानाने निम्म्याहून कमी भाडं वगैरे वगैरे. वाचून राग नाही आला, कारण त्यातलं बरंचसं खरं आहे. पण लिहिणारा माणूस इथे भाड्याने राहिलेला नाही एवढं नक्की कळलं. मी राहते. लग्न झाल्यापासून साडेसात वर्षं, आणि या साडेसात वर्षांतलं हे पाचवं घर. म्हणून म्हटलं आपणच लिहावं.

आधी चांगलं सांगते, नाहीतर म्हणाल नुसती रडते. सकाळी गॅलरीत उभं राहिलं की समोर चंदेरीचा डोंगर दिसतो, पावसाळ्यात तर त्याच्या अंगावरून पांढऱ्या रेघा खाली येताना दिसतात. रात्री साडेदहानंतर आमच्या गल्लीत बेडूक आणि कुत्री सोडून कोणी बोलत नाही. मे-जूनमध्ये स्टेशनबाहेर टोपलीत जांभळं येतात, इथल्या जांभळाला जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालंय हे आता विकणाऱ्या मावशींनासुद्धा माहितीये आणि भाव त्याप्रमाणे सांगतात. माझं माहेर डोंबिवलीचं, तिथे खिडकी उघडली की शेजारच्यांच्या टीव्हीवरची मालिका बघता यायची, त्यामुळे मला ही शांतता खरंच आवडते. नवऱ्याची नोकरी अंबरनाथच्या एमआयडीसीत, माझी मुंबईत मस्जिद बंदरला एका व्यापाऱ्याकडे अकाउंट्सची. म्हणजे ६८ किलोमीटरची वारी माझ्याच वाट्याला. फास्ट मिळाली तर सीएसएमटीपर्यंत सव्वा-दीड तास, स्लो पकडायची वेळ आली तर विचारू नका. बदलापूरहून सुटणारी गाडी असली तरी बसायला मिळेल असं नाही, कारण अंबरनाथच्या बायका डाऊन करून, म्हणजे उलट्या दिशेने बदलापूरपर्यंत येऊन, आधीच खिडक्या धरून बसलेल्या असतात आणि मग रोजचं भांडण, चौथ्या सीटवरून वेगळं. पण त्याच बायका संध्याकाळी माझ्या पिशवीतली गवार मोडून देतात. तर ते असो, गाडीचं रडगाणं तुमच्याकडे रोज कोणी ना कोणी लिहीतच असेल, माझा विषय वेगळा आहे.

माझा विषय अकरा महिने.

भाड्याने राहणाऱ्या कुणालाही विचारा, अ‍ॅग्रीमेंट किती दिवसांचं, उत्तर एकच. अकरा महिने का? तर एजंट म्हणतो कायदाच आहे तसा, ओनर म्हणतो सगळे तसंच करतात, सोसायटीचे सेक्रेटरी म्हणतात जास्तीचं केलं तर भाडेकरू घर बळकावतो. मीही पहिली चार घरं मान डोलावून सह्या केल्या. पाचव्या वेळी मात्र आमच्या ऑफिसमध्ये येणाऱ्या एका वकिलांना सहज विचारलं आणि मग स्वतः वाचून काढलं, आणि खरं सांगते, डोकं फिरलं.

भानगड अशी आहे. १९०८ च्या रजिस्ट्रेशन कायद्यात एक वर्षापेक्षा जास्त मुदतीचा भाडेपट्टा रजिस्टर करणं सक्तीचं होतं, म्हणून लोकांनी पळवाट काढली की अकरा महिन्यांचं लिहा, म्हणजे रजिस्ट्रेशनचा खर्च वाचतो. ठीक आहे. पण महाराष्ट्रात १९९९ चा भाडे नियंत्रण कायदा आला, २००० पासून लागू झाला, आणि त्याच्या कलम ५५ प्रमाणे लिव्ह अँड लायसन्स (म्हणजे ठरावीक मुदतीपुरतं घर वापरायला द्यायचं आपलं हे नेहमीचं अ‍ॅग्रीमेंट) किती का महिन्यांचं असेना, लेखी पाहिजे आणि रजिस्टर झालंच पाहिजे. अकरा महिने असो की छत्तीस. म्हणजे ज्या खर्चातून सुटण्यासाठी अकरा महिने शोधले तो खर्च आपल्याकडे अकरा महिन्यांतही करावाच लागतो! पळवाट बुजून पंचवीस वर्षं झाली तरी आपण रोज त्याच वाटेने जातोय. आणि ही रजिस्टर करायची जबाबदारी कायद्याने कोणाची, तर घरमालकाची. न केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. आता मला सांगा, आजपर्यंत कुठल्या एजंटने ओनरला सांगितलंय की साहेब हे तुमचं काम आहे? माझ्याकडून मात्र पाचही वेळा पूर्ण खर्च घेतलाय.

अकाउंट्सवाली आहे त्यामुळे हिशोब केल्याशिवाय राहवत नाही. आमचं भाडं ९,५०० आणि डिपॉझिट ५०,०००. स्टॅम्प ड्युटी म्हणजे पूर्ण मुदतीचं भाडं अधिक डिपॉझिटवर वर्षाला १० टक्क्यांनी धरलेलं व्याज, या बेरजेच्या पाव टक्का. अकरा महिन्यांचे होतात साधारण तीनशे रुपये. छत्तीस महिन्यांचे साधारण नऊशे, दरवर्षीची वाढ धरली तर थोडे जास्त. रजिस्ट्रेशन फी नगरपालिका हद्दीत १,०००, ती दोन्हीकडे तेवढीच, फक्त अकरावाल्याला दर वेळी भरायची. म्हणजे तीन वर्षांत सरकारला द्यायचे पैसेसुद्धा छत्तीस महिन्यांच्या कराराने निम्मे होतात. पण खरी मजा सरकारी पैशांत नाहीच. खरी मजा एजंटच्या पैशांत आहे. रात्री नऊला तो लॅपटॉप आणि थंबचं मशीन घेऊन घरी येतो, दोन अंगठे आणि दोन फोटो, पंधरा मिनिटांचं काम आणि अडीच-तीन हजार. नवीन घर असेल तर वर एक महिन्याचं भाडं ब्रोकरेज, त्याच घरात राहिलो तर रिन्यूअलचं अर्धं. म्हणजे आम्ही हललो तरी त्याला पैसे, नाही हललो तरी पैसे. तो कशाला छत्तीस महिन्यांचं नाव काढेल?

आमच्या साडेसात वर्षांचं सांगते. ब्रोकरेज मिळून चाळीसेक हजार, टेम्पो चार वेळा म्हणजे अठरा हजार, आणि डिपॉझिटमधून रंग, साफसफाई, एकदा तर आधीपासूनच तुटलेला गिझर, असं करत कापलेले बावीस. ऐंशी हजार झाले, अ‍ॅग्रीमेंटचे वेगळे. तुमच्या पुरवणीतल्या स्वस्त भाड्यात हे कुठेच धरलेलं नाही.

आणि पैशांत न मोजता येणारं तर सोडूनच द्या. गॅसचा पत्ता बदला, बँकेत बदला, आधारवर बदला, होईपर्यंत सात-आठ महिने जातात आणि मग ओनरचा फोन येतो की पुतण्याचं लग्न ठरलंय, घर लागेल. (पुतण्याचं लग्न झालं का नाही ते माहीत नाही, त्या घरात दीड हजार जास्त देणारी दुसरी फॅमिली राहते.) मुलगी सहा वर्षांची आहे, तिने तीन घरं आणि तीन रिक्षावाले काका पाहिलेत. मागच्या वेळी खोके बांधायला काढले तर शांतपणे म्हणाली, आई माझ्या खेळण्यांवर नाव लिहू नको, मला आठवतं कुठल्यात आहेत.

पहिलं घर पश्चिमेला होतं, उल्हास नदीपासून फार लांब नाही, तळमजला. बघायला गेलो तेव्हा एजंट म्हणाला होता हवेशीर आहे. २७ जुलै २०१९, त्या दिवशी वांगणीजवळ महालक्ष्मी एक्स्प्रेस पुरात अडकली होती आणि हजारावर माणसं बोटीने काढावी लागली, ती बातमी अख्ख्या देशाने बघितली. आम्ही त्याच पाण्यात होतो, आमच्याकडे कॅमेरा नव्हता इतकंच. रात्री पाणी उंबऱ्यावर आलं आणि सकाळपर्यंत मीटरच्या पेटीला लागलं, आम्ही वरच्या मजल्यावरच्या काकूंकडे पहाटे चहा पीत बसलेलो. नंतर कोपऱ्यावरच्या भाजीवाल्याने सांगितलं की २६ जुलै २००५ ला तर इथे दुकानाचं शटर बुडालं होतं. त्याला माहीत होतं, सगळ्या गल्लीला माहीत होतं, फक्त आम्हाला माहीत नव्हतं, कारण आम्हाला इथे येऊन वर्षच झालं होतं. तेव्हापासून घर बघायला गेले की मी आधी भाजीवाल्याकडे जाते, एजंटकडे नंतर. दर वर्षी भाडेकरू बदलणाऱ्या घरात हे असंच होणार ना, पाणी कुठवर येतं, टाकी कधी भरते, कुठल्या वायरला हात लावायचा नाही, हे सगळं शिकेपर्यंत टेम्पो दारात.

सोसायटीचंही थोडं लिहिते. इथे आमचं नाव नाही, फ्लॅट नंबर आहे, म्हणजे "तीनशे दोनचे भाडेकरू". व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमध्ये भाडेकरूंना घेत नाहीत, त्यामुळे टाकी धुणार असल्याचा मेसेज नाशिकला बसलेल्या ओनरला जातो आणि माझ्या डोक्याला शाम्पू लावलेला असताना नळ जातो. मालक स्वतः राहत नाही म्हणून सोसायटी नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस या नावाने दर महिन्याला जे घेते ते सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाहीत असा सरकारचा आदेश २००१ पासून आहे, आणि ते द्यायचे मालकाने. आमच्याकडे आकडा कसा ठरतो ते विचारलं तर सेक्रेटरी काका म्हणाले, तुम्ही कशाला डोकं लावता ताई, तुम्ही आज आहात उद्या नाही. त्यांना वाईट नाही म्हणायचं, मुलगी पडली तेव्हा हेच काका स्कूटरवरून दवाखान्यात घेऊन गेले. पण "आज आहात उद्या नाही" हे आम्ही ठरवलेलं नाही ना काका, ते त्या अकरा महिन्यांनी ठरवलंय.

ओनर लोकांची भीती मला कळते. बहुतेकांनी कर्ज काढून सेकंड होम घेतलंय, हप्ता चालू आहे, भाडेकरू पिढ्यानपिढ्या घर सोडत नाही अशा जुन्या पागडीच्या गोष्टी ऐकलेल्या आहेत. पण लायसन्स संपल्यावर घर सोडलं नाही तर सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो आणि जितके दिवस जास्त राहिला तितक्या दिवसांचं दुप्पट शुल्क द्यावं लागतं, हे त्याच कायद्यात कलम २४ ला लिहिलंय. ते संरक्षण अकराला आहे तसंच छत्तीसला आहे. उलट करार रजिस्टरच नसेल तर वाद झाल्यावर अटी काय होत्या याबाबत भाडेकरूचं म्हणणं धरलं जातं, मालकाने उलट सिद्ध करेपर्यंत. म्हणजे घाबरायचंच असेल तर कच्च्या कागदाला घाबरा. साठ महिन्यांपर्यंतचं लिव्ह अँड लायसन्स करता येतं, वर्षाला पाच टक्के वाढ लिहा, एक महिन्याची नोटीस लिहा, आम्हाला जायचं असलं तर आम्ही जाऊ.

तुमच्याकडे मागणं एवढंच की पुढच्या वेळी पुरवणीत बदलापूरचं पान काढाल तेव्हा डोंगराच्या फोटोशेजारी हे पण छापा. ओनर लोक ती पुरवणी वाचतात, आमच्याकडचे तर कात्रण ठेवतात. मी सांगितलं तर भाडेकरूचा शहाणपणा होतो, पेपरात आलं तर माहिती होते.

आमचं सध्याचं अ‍ॅग्रीमेंट पुढच्या महिन्यात संपतंय. ओनरना फोन करून छत्तीस महिन्यांचं विचारलं, हिशोब पण पाठवला. म्हणाले, बघतो, एजंटला विचारून सांगतो.

आपली,
एक भाडेकरू, बदलापूर (पूर्व)

ता.क. : पत्र छापलंत तर कृपया फ्लॅट नंबर काढून टाका.