तक्रार: साप चावलेल्या माणसाला देवळात नेणारा तुमचा महाएपिसोड

प्रति,
व्यवस्थापक, प्रेक्षक तक्रार विभाग

आज सकाळी तुमच्या हेल्पलाइनला तिसऱ्यांदा फोन केला. आता लेखी देते आहे.

रविवारचा महाएपिसोड तुम्हाला सांगायला नको, तुमचाच आहे. नायिकेच्या नवऱ्याला साप चावतो. दारात गाडी उभी आहे. तरी सासू म्हणते, आधी देवीच्या देवळात चला. गुरव पायाला अंगारा लावतो, सून ओलेत्याने प्रदक्षिणा घालते आणि नवरा डोळे उघडतो. डॉक्टर येतो तो फक्त हात जोडायला.

मी आशा सेविका आहे. मागच्या श्रावणात आमच्या वाडीतल्या नऊ वर्षांच्या पोराला झोपेत मण्यार चावली. मण्यारीचा दंश फारसा दुखत नाही, सुजत नाही, खूणही धड दिसत नाही. पोट दुखतंय म्हणून तो पहाटे उठला. घरच्यांनी अंगारा लावून देवापुढे बसवला. मी पोचले तेव्हा त्याच्या पापण्या वर होत नव्हत्या, बोलताना जीभ अडखळत होती. ग्रामीण रुग्णालयात लस दिली, पुढे तीन दिवस व्हेंटिलेटरवर होता, वाचला. ही लस सरकारी दवाखान्यात फुकट मिळते. देशात वर्षाला सुमारे 58,000 माणसं सर्पदंशाने जातात असा अभ्यासकांचा अंदाज आहे, आणि त्यातली बहुतेक दवाखान्याबाहेर.

सोमवारी त्याच पोराची आजी मला म्हणाली, "बघ गं, टीव्हीतपण देवीनंच वाचवलं."

हे मी तुमच्या माणसाला सांगितलं. तो म्हणाला, "मॅडम, सुरुवातीला सूचना दिलीय, मालिका काल्पनिक आहे." मी म्हटलं, ती सूचना वाचून होण्याआधीच जाते, आणि आजीला वाचता येत नाही. तर म्हणतो, "तुम्ही देवाला मानत नाही का?" माझ्या सासूबाईंच्या गळ्यात तुळशीची माळ आहे, आमच्या घरची वारी चुकलेली नाही. नवससायासांवर तुकोबांनीच कोरडे ओढलेत, हे मी त्याला सांगत होते. मधेच तोडून म्हणाला, "नाही पटत तर चॅनेल बदला, रिमोट तुमच्याच हातात आहे." आणि फोन ठेवला. माझ्या घरचा रिमोट माझ्या हातात आहे हो, वाडीतल्या चाळीस घरांचा नाही! देव मानते का, हे विचारायचा त्याला अधिकार कोणी दिला?

महाराष्ट्राच्या 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्यात साप, विंचू, कुत्रा चावलेल्याला उपचारापासून रोखून मंत्रतंत्र, गंडेदोरे करणं हा गुन्हा आहे. दाभोलकरांचा जीव गेल्यावर आलेला कायदा आहे तो. केबल टीव्हीच्या 1994 च्या नियमांतला सहावा नियम अंधश्रद्धेला खतपाणी घालणारे कार्यक्रम दाखवू नका म्हणतो. तुमच्या मालिकेत हा गुन्हा सासूची श्रद्धा म्हणून दाखवलाय, मागे आरतीचं संगीत लावून. आणि दारात गाडी उभी होती!

वीस वर्षं आमच्या घरात संध्याकाळी तुमचंच चॅनेल लागतं. सासूबाई दिवा लावून समोर बसतात. म्हणून जास्त लागलं.

नियमाप्रमाणे 24 तासांत पोच आणि 15 दिवसांत निर्णय द्या. नाही आला तर मी वरच्या स्वनियमन संस्थेकडे अपील करणार, पोलिसांकडेही अर्ज देणार. तो प्रसंग काढा, अ‍ॅपवरूनही काढा, आणि त्याच वेळेला सांगा की साप चावला तर थेट दवाखाना गाठा. उद्या दुपारी एकला त्याचं पुनःप्रसारण आहे, ते तरी आजच थांबवा.

एक प्रेक्षक, आशा सेविका