फोटोतली काशाची माणसं

लेटरकेनी, आयर्लंड

ती. आई-बाबांना,
सा. न. वि. वि.

मी पाठवलेल्या फोटोत खाडीकाठी उभी असलेली ती काशाची माणसं कोण, असं बाबांनी विचारलं होतं. ड्यूटीच्या गडबडीत फोनवर नीट सांगता आलं नसतं, म्हणून लिहिते आहे.

ते गाव रॅथमलन. १६०७ च्या सप्टेंबरात अल्स्टरचे, म्हणजे आयर्लंडच्या उत्तर प्रांताचे, दोन मोठे सरदार तिथून जहाजात बसले आणि परत कधी आलेच नाहीत. त्यातला थोरला ह्यू ओ'नील, टायरोनचा अर्ल (म्हणजे तिथला सरदारकीचा किताब).

बाबा, हा माणूस तुम्हाला आवडेल. इंग्रजांच्या आश्रयाने लहानाचा मोठा झाला, अर्लही त्यांनीच केलं. त्यांच्या बाजूने लढता लढता त्यांची कवायत शिकला आणि मग तीच आपल्या माणसांना शिकवली. १५९८ मध्ये आर्माजवळ यलो फोर्डला त्याने इंग्रज फौजेची दाणादाण उडवली. सेनापती हेन्री बॅगेनल तिथेच पडला. (आई, हा त्याचा मेहुणा बरं का! बॅगेनलची बहीण मेबल ओ'नीलबरोबर पळून गेली होती. भावाने ते कधीच पचवलं नाही.)

दलदलीत आणि रानात त्याला कुणी हरवू शकत नव्हतं. पण १६०१ मध्ये स्पेनची मदत उतरली ती देशाच्या पार दुसऱ्या टोकाला, किन्सेलला. ऐन हिवाळ्यात हा अल्स्टर सोडून तिथवर गेला, उघड्या मैदानात लढला आणि काही तासांत सगळं घालवून बसला. गड सोडून खाली उतरायला नको होतं, असंच तुम्ही म्हणाल.

नंतर इंग्रज सरदार माउंटजॉयने टुलीहोगला ओ'नील घराण्याच्या राज्याभिषेकाचं दगडी आसन फोडून टाकलं. १६०३ च्या मार्चअखेर ओ'नील त्याच्यासमोर गुडघे टेकून शरण गेला. एलिझाबेथ राणी सहा दिवसांपूर्वीच वारली होती. माउंटजॉयला ते ठाऊक होतं, त्याने सांगितलं नाही. याचा मला अजून राग येतो.

चार वर्षांनी लंडनहून बोलावणं आलं. गेलो तर अटक होईल, या धास्तीने घाईघाईत निघायचं ठरलं. धाकटा मुलगा कॉन गुरं घेऊन फिरणाऱ्या लोकांकडे वाढत होता. तो वेळेत सापडला नाही आणि मागेच राहिला. पुढे तो इंग्रजांच्या हाती लागला, ईटनला शिकला आणि शेवटी लंडनच्या टॉवरमध्ये कैदेत गेला. ही माणसं मात्र वादळात भरकटून स्पेनऐवजी नॉर्मंडीला लागली. आल्प्स ओलांडताना पैसे लादलेला घोडा दरीत गेला. रोममध्ये पोपने तनखा दिला, पण परत लढायला जायची परवानगी स्पेनच्या राजाने कधी दिली नाही. थोरला मुलगा तिथेच वारला. १६१६ मध्ये ओ'नीलही गेला. शेवटी दिसतही नव्हतं त्याला.

लोक त्याला धीरोदात्त वगैरे म्हणतात. मला वाटतं, तो निघाला आणि शत्रूचं काम सोपं झालं. सहा परगण्यांतली जमीन जप्त झाली, स्कॉटलंड-इंग्लंडची माणसं आणून वसवली. आयर्लंड आणि ब्रिटनकडे असलेलं उत्तर आयर्लंड यांच्यातल्या आजच्या सीमेच्या भांडणाचं मूळ तिथपर्यंत जातं. मला इथून जवळच्या, पण सीमेपलीकडच्या डेरीला जायचं तर ब्रिटनचा व्हिसा लागतो, आणि रस्त्यावर ना चौकी ना फाटक!

आणि आई, 'तिकडे वनवासात पडली आहेस' हे आता पुरे. माझं परतीचं तिकीट मीच काढते.

तुम्ही याल तेव्हा रोमलाही जाऊ. ओ'नीलला मोंतोरिओच्या सान पिएत्रो चर्चमध्ये पुरलं आहे. चर्च टेकडीवर आहे, तेव्हा आईच्या गुडघ्यांसाठी टॅक्सी करू. आयर्लंडच्या व्हिसावर इटलीत जाता येत नाही, शेंगेनचा, म्हणजे इटलीसकट युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा व्हिसा, वेगळा लागतो. बाबा, दोघांच्या पासपोर्टची मुदत तेवढी आजच बघून कळवा.

तुमची,
मनू