शुल्क शून्य, कागद मात्र ढीगभर

संपादक महोदय,

युरोपीय संघातून बाहेर पडण्याच्या चर्चेत मतदानाला जेवढे महत्त्व मिळते, तेवढे प्रक्रियेला मिळत नाही. ब्रिटनने २३ जून २०१६ रोजी ५१.९ टक्के मतांनी बाहेर पडण्याचा कौल दिला; प्रत्यक्ष बाहेर पडायला ३१ जानेवारी २०२० उजाडला. संघाच्या मूळ करारातील, बाहेर पडण्याविषयीच्या कलम ५० ची नोटीस दिली की दोन वर्षांची मुदत सुरू होते आणि ती वाढवायला उरलेल्या सर्व देशांची संमती लागते. नेमके काय हवे हे ठरवण्याआधीच मार्च २०१७ मध्ये नोटीस देणे ही सर्वांत महागडी चूक.

ब्रिटन आणि संघ यांच्यातल्या डिसेंबर २०२० च्या व्यापार करारात आयात शुल्क शून्य आहे खरे, पण माल मुळात कुठे तयार झाला या नियमात बसला तरच. बाहेरून आणलेला माल नुसता नव्या खोक्यात भरून पुढे पाठवला, तर शुल्क लागू शकते. मासळी-मांसाचे हाल आणखी वेगळे. सीमाशुल्काचे विवरण तर हवेच, शिवाय अधिकृत पशुवैद्याच्या सहीचे आरोग्य प्रमाणपत्र. एका ट्रकमध्ये दहा व्यापाऱ्यांचा माल असेल आणि एकाच्या प्रमाणपत्रात चूक निघाली, तर अख्खा ट्रक अडकतो. बर्फ काही शिक्क्यासाठी थांबत नाही! मोठ्या कंपन्या या कामाला माणसे नेमतात, छोट्या निर्यातदाराला ते परवडत नाही.

स्वतःचे व्यापार करार करण्याची मोकळीक ब्रिटनला मिळाली, हे नाकारू नये. पण ‘संघाशी नुसती सीमाशुल्क आघाडी (आपसांत शुल्क नाही, बाहेरच्या मालावर सर्वांचे एकच शुल्क) ठेवली असती तर भागले असते’ हेही खरे नाही. तुर्कस्तान संघाबरोबर तशा आघाडीत आहे, तरी संघातल्या बल्गेरियाच्या सीमेवर ट्रकच्या रांगा लागतातच.

– एक वाचक