बाबा, शाळेमागचं पटांगण पुन्हा आखाल का?

ती. बाबा आणि आई,
सा. न.

आई, परवा तू फोनवर विचारलंस की दिवाळीत मी काम करते त्या बालगृहातल्या दोन पोरी चार दिवस आपल्या घरी आणता येतील का. न्हाऊ घालते, अंगभर नवे कपडे घेते, अनारसे करते म्हणालीस. तेवढ्यात इकडे जेवणाची घंटा झाली आणि बोलणं राहून गेलं. आई, ते जमणार नाही. पण तुझ्या त्या विचारण्यावरून मला दुसरं काही सुचलं आणि त्यात बाबांचं काम जास्त आहे, म्हणून सविस्तर लिहिते. नवा चष्मा आल्यापासून वाचायला सोपं जातं म्हणता ना बाबा, मग आईला वाचून दाखवा.

इथली प्रत्येक मुलगी बाल कल्याण समितीच्या आदेशाने इथे राहते. सख्ख्या आत्याकडे दोन दिवस पाठवायचं तरी समितीला विचारावं लागतं. पण हा नियम नसता तरी मी तुला नाहीच म्हटलं असतं. आमच्याकडे येणारी बरीच मुलं आधी दोन-तीन घरं फिरून आलेली असतात. मामाकडे वर्षभर, मग मावशीकडे, मग मावशीचं लेकरू झालं म्हणून आणखी कुठे. पहिल्या आठवड्यात प्रत्येक घरी कौतुक झालेलं असतं. तुझ्या हातचं चार दिवस खाऊन, तुझ्या कुशीत झोपून पाचव्या दिवशी परत यायचं, म्हणजे त्या पोरीने अजून एका दारातून निघायचं. तू जीव लावतेस हे मला माहीत आहे आणि त्याचीच मला भीती वाटते.

बालगृह म्हटलं की आपल्याकडे अजून लोक 'रिमांड होम' म्हणतात आणि पोरांनी काय चोरलं ते विचारतात. मागच्या वेळी आले तेव्हा पारावर तुमच्यासमोरच कोणी विचारलं होतं, बाबा. तुम्ही गप्प राहिलात, पुढच्या वेळी सांगा. ज्यांच्यावर गुन्ह्याचा आळ आहे त्या मुलांसाठी निरीक्षणगृह असतं, ते वेगळं. आमच्या मुलांची नोंद 2015 च्या बाल न्याय कायद्यात काळजी आणि संरक्षणाची गरज असलेली मुलं म्हणून होते. कोणी बसस्टँडवर सापडलं. कोणाच्या बापाने वावरात औषध घेतलं आणि आईला घर सोडावं लागलं. कोणाला घरातल्याच माणसापासून सोडवून आणलं. मूल सापडल्यापासून 24 तासांच्या आत, प्रवासाचा वेळ सोडून, समितीपुढे हजर करावं लागतं. अध्यक्ष आणि चार सदस्य असे पाच जण समोर, इकडे एवढंसं पोर. तिथे आधी पाहतात ते घरी कोण आहे. आजी आहे का, काका आहे का, त्यांच्याकडे नीट राहता येईल का. संस्थेत ठेवणं हा सगळ्यात शेवटचा उपाय, असं कायद्यातच लिहिलंय. मी बालगृहात पगार घेते, तरी मला ते मनापासून पटतं.

ज्यांना खरंच कोणी नाही, किंवा जे आहेत त्यांचीच दहशत आहे, त्यांना बालगृह लागतंच. नवीन मूल आलं की बरेचदा उशीखाली पोळी सापडते. आम्ही हटकत नाही. हाताशी येईल असा फल्लीदाणे-गुळाचा डबा ठेवलेला असतो, ज्याला पाहिजे त्याने केव्हाही घ्यावं. हळूहळू उशीखालच्या पोळ्या थांबतात. गादी ओली होणं जास्त दिवस चालतं, त्यावरून कोणी चिडवायचं नाही एवढं मोठ्या मुलांना सांगितलं की ती ते पाळतात. मोठी मुलं या बाबतीत फार शहाणी असतात, कारण त्यांना आठवत असतं.

आणि रोज संध्याकाळी मैदान. यात इथल्या गावातली मुलंही येतात. सुरुवातीला आया पाठवायला तयार नव्हत्या, आता स्वतः बांधावर उभ्या राहून पाहतात.

बाबा, तुम्ही आयुष्यभर खो-खो शिकवलात म्हणून हे तुम्हाला सांगावंसं वाटतं. आमच्याकडे एक पोरगी होती. नाव लिहीत नाही, अशा मुलांची ओळख उघड करायची नाही असा कायदाच आहे. वय अकरा-बारा. धावायला हरणासारखी. मधल्या पाटीवर, म्हणजे खेळाडू ओळीने बसतात तिथे, बसवली की मात्र अंग आखडून जायचं. मागून कोणी खो दिला की उठायच्या ऐवजी दोन्ही हात डोक्यावर घेऊन खाली वाकायची. पोरी ओरडायच्या, ऊठ ना, ऊठ ना! ती तशीच. एकदा मला हळूच म्हणाली, "मॅडम, मले मांगून हात नोका लावू." तिच्या घरी काय झालं होतं ते फाइलमध्ये होतं, पण पाठीवर पडलेला हात तिच्यासाठी काय आहे, हे मला त्या मैदानावर कळलं.

आमचे सर तुमच्याइतकेच नियमाचे कडक. खो-खोत हात आणि शब्द एकदम लागतात, नाहीतर फाउल. तरी सरावात त्यांनी तिच्यापुरतं ठरवलं, आधी शब्द, मग दोन पावलं थांबून हात. आणि खो देणारी मुलगी नेहमी तीच एक, तिच्या पलंगाशेजारची. पुढे शब्द आणि हात जवळ आले, मग खो देणाऱ्या मुली बदलत गेल्या. पूर्ण पावसाळा यात गेला. मध्ये तिने कित्येक दिवस बसायलाच नकार दिला, तेव्हा ती फक्त पळतीच्या बाजूने खेळली. सरांनी एकदाही जबरदस्ती केली नाही.

तालुक्याच्या शालेय स्पर्धेत 14 वर्षांखालच्या संघात ती होती. आम्ही हरलो. येताना एसटीत पोरी भांडत होत्या, कोणाचा खो चुकला म्हणून, आणि सगळ्यांत मोठ्याने तीच भांडत होती. जी महिनोन्महिने जेवायला वाढ म्हणूनही बोलली नव्हती! कंडक्टर वैतागला होता. मला त्या दिवशी जिंकल्यापेक्षा जास्त बरं वाटलं.

खेळाने सगळं सुटतं असं मी म्हणणार नाही. तिला समुपदेशकाकडेही न्यावं लागत होतं, अजून लागतं. पण समुपदेशक आठवड्यातून एकदा भेटतात, मैदान रोज असतं. रोज त्याच वेळी तेच मोठं माणूस हजर असणं, याची या मुलांना अजिबात सवय नसते. पहिले काही आठवडे ती येऊन सर आलेत की नाही एवढंच पाहतात.

आता माझं मागणं. बाबा, आपल्या गावाशेजारच्या तांड्यावरून दिवाळी झाली की ऊसतोडीच्या गाड्या भरतील. मुकादमाची उचल घेतलेली घरं तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत. काही मुलं आईबापांबरोबर फडावर जातील, काही आजीजवळ राहतील ती मार्च-एप्रिलपर्यंत. आजीला दिसत नाही, गुडघे धरलेले, ती त्यांच्या मागे कुठे पळणार? शाळा सुटल्यावर अंधार पडेपर्यंत त्या मुलांकडे पाहणारं गावात कोणी नसतं. आमच्याकडे येणाऱ्या कित्येक मुलांच्या फाइलींची सुरुवात अशाच संध्याकाळींपासून झालेली मी वाचली आहे. मुलगा शाळेतून गळतो, बारक्या मुलीला कोणी खाऊ देऊन बोलावतं, चौदाव्या-पंधराव्या वर्षी कोणी लग्न ठरवतं. गावात वेळेवर कोणाच्या लक्षात आलं असतं तर यातल्या काही मुलांना आमच्यापर्यंत यावंच लागलं नसतं.

म्हणून म्हणते, शाळेमागचं पटांगण पुन्हा आखा. निवृत्त झाल्यापासून तिथे गवत वाढलंय. तुम्हाला पळायचं नाही, डॉक्टरांनी सांगितलेलं सगळं पाळायचं. खुर्ची टाकून बसा, गळ्यात शिट्टी असू द्या. फक्की मारायला म्हणजे पांढऱ्या रेघा आखायला, पाण्याची कळशी आणायला दहावीतली पोट्टी आहेत. आट्यापाट्या घ्या, लंगडी घ्या, खो-खो घ्या. आट्यापाट्याला तर रेघांशिवाय काही लागत नाही, आणि ती आता शिकवणारं माणूस मिळत नाही. तुमच्यासारखे जुने खेळाडू आहेत तोवर ती पोरांच्या पायात उतरू द्या.

पण काही गोष्टी तुम्हाला बदलाव्या लागतील आणि मी त्या मोकळेपणाने सांगते. उशिरा आलेल्याला तुम्ही फेऱ्या मारायला लावायचात, ऐकलं नाही तर मैदानाबाहेर काढायचात. आता तसं नको. घरी भांडी घासून, बकऱ्या बांधून येणारी पोरगी उशिराच येणार. आणि शिक्षा म्हणून मैदान कधीही काढून घ्यायचं नाही. ज्या मुलाकडून सगळं सुटलंय, त्याच्याकडून तेवढं एक तरी सुटू नये. चांगले खेळणारे निवडून बाकीचे बाजूला बसवू नका. नागपूरला विजय बारसे सरांनी 2001 मध्ये झोपडपट्टीतल्या मुलांचा फुटबॉल सुरू केला, तिथेही निवड चाचणी देऊन आलेली मुलं नव्हती, वस्तीतली होती ती होती.

दुसरं, कायम दोन मोठी माणसं मैदानावर पाहिजेत, त्यातली एक बाई. एकट्या मुलाला घरी बोलवायचं नाही, एकट्याला गाडीवर सोडायला जायचं नाही. तुमच्यावर अविश्वास म्हणून नाही, बाबा. तुम्ही हे पाळलंत तर उद्या तुमच्यानंतर येणाऱ्या माणसालाही पाळावं लागेल. मुलांचे फोटो गावाच्या ग्रुपवर टाकायचे नाहीत, कोणी कितीही कौतुकाने मागितले तरी.

आणि ती बाई म्हणजे तू, आई. तुला खेळातलं कळायची गरज नाही. कोणत्या घरी चूल पेटली नाही हे तुला चेहऱ्यावरून कळतं, ते मला प्रशिक्षणातही कोणी शिकवू शकलं नाही. बांधावर बस, शेंगा सोल, बायकांशी बोल, पण कोण आलं नाही ते पाहा. दोन दिवस दिसली नाही की घरी जा. अंगावर वळ दिसले, पोर घरी जायला घाबरायला लागलं, लग्नाची कुणकुण लागली, तर मुलांच्या मदतीसाठीच्या 1098 या नंबरावर फोन कर, पैसे लागत नाहीत. आधी मला केलास तरी चालेल, पण थांबून राहू नकोस.

अजून एक काम तुझ्याकडे देते. आजीजवळ राहणारी अनाथ मुलं, बाप गेलेली मुलं यांच्यासाठी राज्याची बालसंगोपन योजना आहे, सावित्रीबाईंच्या नावाची. महिन्याला 2250 रुपये मुलाच्या नावे येतात, मूल घरातच राहतं. आपल्या गावात कोणाकोणाला लागू होईल ते तू बोटांवर मोजशील. आधार, रेशनकार्ड, उत्पन्नाचा दाखला, मृत्यूचा दाखला, बँकेचं पासबुक गोळा करून ठेव, जिल्हा बाल संरक्षण कक्षातून पुढचं मी विचारते. आमचा एक मुलगा असाच आजीकडे परत गेला. आजीला तो हवाच होता, पोसायची भीती होती एवढंच. अजूनही सायकलवर आमच्या मैदानावर येतो.

तुम्हाला वाटेल, मुलगी आता बापाला कामाला लावते. पण बाबा, तुम्ही शिकलात ते अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळात. 1914 साली अंबादासपंत वैद्यांनी उभी केलेली ती संस्था. परतवाड्याजवळ वझ्झरला शंकरबाबा पापळकरांनी टाकून दिलेल्या अपंग मुलांसाठी जे बालगृह चालवलं, ज्यासाठी त्यांना 2024 मध्ये पद्मश्री मिळाली, त्याला अंबादासपंतांचंच नाव आहे. शंकरबाबांनी त्या मुलांना बाप म्हणून स्वतःचं नाव लावलं. आखाडा आणि बालगृह दोन्हींशी एकाच माणसाचं नाव जोडलेलं असणं, हे मला फार योग्य वाटतं. तुम्ही त्या मातीतले आहात.

आमची एक मुलगी अठराची होऊन गेल्या वर्षी बाहेर पडली. अनुरक्षणाची, म्हणजे बालगृहातून बाहेर पडल्यावरच्या आधाराची सोय एकविसापर्यंत आहे, ती शहरात राहून नर्सिंग शिकते. रविवारी येऊन लहानग्यांना खांब धरायला शिकवते. डिसेंबरमध्ये तिला घेऊन आपल्या गावी येईन. मैदान कसं चालवायचं ते तिच्याकडून ऐका, माझ्यापेक्षा ती चांगलं सांगते. त्या रात्री तिला हवं ते करून घाल आई, ती आता स्वतःच्या मर्जीने येणारी पाहुणी आहे.

मी दिवाळीत इथेच थांबते, ज्यांना न्यायला कोणी येणार नाही ती मुलं आहेत. भाऊबीज झाली की दोन दिवस येते. तोवर मुख्याध्यापकांना आणि सरपंचांना तुम्ही विचारून ठेवा, तुमचा शब्द ते मोडणार नाहीत. सुताराकडून दोन खांब करून घ्या, बाभळीचे चालतील, जमिनीच्या वर चार फूट राहतील एवढे, कडा नीट तासलेल्या, पोरांच्या हातात सल जाता कामा नये. पैसे पाठवते. फक्कीचं पोतं मी येताना आणते.

बीपीची गोळी सकाळचीच घ्या, बाबा.

तुमची लेक