चार फूट माती तेवढी राहू द्या

महोदय,

गेल्या आठवड्यात आपल्या दैनिकाच्या याच सदरात आमच्या गावच्या एका वाचकांचे पत्र आले. देवळामागून नदीकडे जाणाऱ्या मळ्यातल्या वाटेवर पेव्हर बसवणार, याचे त्यांनी स्वागत केले. शेवटी ‘एखाद्या हौशी घोडेवाल्याची गैरसोय होईल, पण लोकांची सोय मोठी’ असा चिमटाही काढला. तो हौशी घोडेवाला मीच. गावात दुसरा घोडाच नाही, त्यामुळे नाव न घालण्याची त्यांची सभ्यता फुकट गेली.

मी वीज खात्यातला निवृत्त लाईनमन. नोकरीची ३३ वर्षे बहुतेक गोव्यातल्या डिचोली तालुक्यातल्या खांबांवरच गेली. खाणी जोरात होत्या तेव्हा खांबावरून खाली पाहिले की लाल धूळ आणि ट्रकांची रांग, दुसरे काही दिसत नसे. त्या रस्त्यावर घोडा सोडाच, सायकल काढायची छाती होत नव्हती. २०१२ साली खाणी थांबल्या, मध्ये सुरू झाल्या आणि मार्च २०१८ मध्ये पुन्हा थांबल्या. किती घरांच्या चुली मंदावल्या ते मी वीजबिलाच्या थकबाकीवरून पाहिले आहे, तेव्हा त्या शांततेचे गोडवे गाणार नाही. पण रस्ते मोकळे झाले आणि माझ्या डोक्यातला जुना किडा वळवळू लागला, हेही खरे.

किडा जुना अशासाठी, की त्याआधी मी २२ वर्षे घोडेमोडणीत नाचलो आहे. गोव्याबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. शिगम्यात बांबूच्या सांगाड्याचा, लाकडी मानेचा घोडा कमरेला बांधतात, पायांत घुंगरू, डोक्यावर फुलांचा साज, एका हातात लगाम नि दुसऱ्यात तलवार, आणि ढोल-ताशा-कासाळ्यांच्या (मोठ्या झांजांच्या) ठेक्यावर मांडावरून, म्हणजे शिगम्याच्या जागेवरून, निघून गावच्या शिवेपर्यंत जाऊन परत यायचे. घोडा आणि स्वार दोन्ही आपणच. घाम मात्र दोघांचा येतो. गुडघ्यांनी नाही म्हटले तेव्हा मी तो सांगाडा पुतण्याच्या कमरेला बांधला. निवृत्तीचे पैसे हातात आले आणि मी बेळगावला जाऊन खरी घोडी घेऊन आलो. बायको त्यानंतर आठ दिवस माझ्याशी बोलली नाही.

घोडी वरातीची होती. लग्नवाल्यांना नुकरा लागतो, गुलाबी नाकाचा, दुधासारखा. ही सब्जा. असे शिंगरू जन्मताना काळे-करडे असते आणि वर्षागणिक उजळत जाते. कातडी मात्र आतून काळीच राहते. कोरडी असली तर पांढरी दिसते, पावसात भिजली की निळसर काळी. काळ्या नाकाची, त्यात वयाने अकरा, म्हणून मालकाने जुन्या स्कूटरच्या भावात सोडली. नाव विचारले तर म्हणाला, “बिजली.” जिच्यापासून जन्मभर अंतर ठेवून जगलो, तिलाच घरी आणायचे होते म्हणायचे. ग्लँडर्स हा घोड्याचा रोग माणसालाही होतो, म्हणून तिच्या रक्ताचा नमुना हरयाणात हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्राकडे जाऊन आला. दाखला हातात पडल्यावर टेम्पोत घालून चोर्ला घाटातून आणली. वळणावळणाला ती चारी पाय रोवून उभी, आणि मी मात्र मागच्या बाजूला ओकून घेतले. घोड्याला ओकारी येतच नाही, हे मला तेव्हा ठाऊक नव्हते. पुढे ते फार महागात पडले, पण ते नंतर.

पहिल्या वर्षी तीनदा पडलो. लाकडी घोडा गुडघ्यावर नाचतो, त्यामुळे मला वाटे की आपल्याला अर्धी विद्या येते. नालबंदाने ती घमेंड उतरवली. तो दर चाळीस-पंचेचाळीस दिवसांनी बेळगावहून कदंबच्या, म्हणजे गोव्याच्या सरकारी, बसने येतो. पिशवीत हातोडा, पकड, कानस आणि खिळ्यांची पुडी. खूर महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो, नखासारखा. म्हणून जुना नाल काढायचा, वाढलेला खूर तासायचा, मग नवा ठोकायचा. खिळा नखात जातो, मांसात नाही. हे मी वाडीतल्या प्रत्येक मुलाला एकेकदा समजावून सांगितले आहे, तरी ठोका पडला की मुलेच डोळे मिटतात. घोडी मात्र जांभई देते. तर मला लगाम खेचताना पाहून हा नालबंद म्हणाला, “काका, हात कशाला ओढालाय? मांडीनं सांगा की तिला.” आमच्या गोव्यात मांड म्हणजे शिगम्याची पवित्र जागा, आणि घोड्यावर ठोकतात तीही मांड. एका मांडावर २२ वर्षे नाचलेल्या माणसाला दुसरी मांड साठीला टेकताना शिकावी लागली.

तिची गंमत फाल्गुनात कळली. देवळाजवळ सरावाचे ढोल वाजू लागले आणि परसात बांधलेली बिजली ठेका धरून पाय उचलू लागली. एक-दोन, एक-दोन, मान कमानीसारखी. वरातीच्या घोड्यांना नाचायला शिकवतात. कसे शिकवतात ते मी थोडेफार ऐकले आहे आणि ते ऐकून बरे वाटत नाही. म्हणून हौसेने नाचते की जुन्या धाकाने, हे पाहायला मी धावत तिच्या तोंडासमोर गेलो. घोड्याचे मन कानांत असते. कान मागे चिकटले की राग, सैरभैर फिरले की भीती. तिचे कान ढोलाकडे, सरळ पुढे होते. एवढ्यावरच मी समाधान मानून घेतले. नाचायला तिला मी कधी सांगितले नाही, सांगणारही नाही. पण शिगम्यात ढोल वाजला की पुतण्या लाकडी घोडा घेऊन मांडावर नि ही परसात, आणि मध्ये मी, दोन्हींकडे न बघता शेवग्याला टेकून उभा.

‘हौस’ म्हणाल तर ती अशी पाच-दहा मिनिटांची. बाकी दिवस कामाचा. पहाटे पाचला स्वयंपाकघराची कडी वाजली की ती नाकातून फुरफुरते. चहा आधी मला की चंदी आधी तिला, हा वाद घरात कधीच संपला आहे. भिजवलेले हरभरे, जव, गव्हाचा कोंडा, चवीला मीठ. आपल्याकडचा भाताचा पेंढा तिला पुरत नाही, म्हणून ज्वारीचा कडबा घाटावरून येतो. दिवसाला तीस लिटरपर्यंत पाणी. मग खरारा. खरारा करताना ती खालचा ओठ लोंबता सोडून डोळे अर्धे मिटते, तेव्हा मला पेन्शन कमी वाटत नाही. लीद रोज पंधरा-वीस किलो. तिची चिंता पत्रलेखकांनी करू नये. ती शेजाऱ्यांच्या कुळागरात सुपारीच्या बुंध्याला जाते आणि बदल्यात आम्हाला केळी येतात. आठ दिवस न बोललेली बायको आता पदरात गूळ लपवून तिच्याकडे जाते. बेळगावची ही घोडी कानडी-मराठीवर वाढलेली, पण “कितें गो, भूक लागल्या?” म्हटले की मान हलवते. कोकणी तिला माझ्या मांडीपेक्षा लवकर कळली.

आता मूळ मुद्दा. आपल्याकडे जुना सवाल आहे: भाकरी का करपली, पान का सडले, घोडा का अडला? तिन्हींचे उत्तर एक, न फिरवल्याने. अर्थ मला तीन वर्षांपूर्वीच्या श्रावणात कळला. कोरड्या कडब्यावरून मी तिला एकदम कोवळ्या ओल्या गवतावर सोडले. लाडाने. चूक सर्वस्वी माझी. रात्री नऊला ती पोटाकडे मान वळवून बघू लागली, पुढच्या पायाने जमीन उकरू लागली, खाली बसून लोळू पाहू लागली. पोटशूळ. घोड्याच्या जठराच्या तोंडाशी इतकी घट्ट झडप असते की पोटात गेलेले वर येत नाही. आपल्यासारखे ओकून मोकळे होणे त्याच्या नशिबी नाही. पोटशुळाने उमदी जनावरे एका रात्रीत जातात. पशुवैद्य पावसातून आले, इंजेक्शन दिले, नाकातून नळी घालून तेल सोडले, दोन्ही कुशींना कान लावून ऐकले आणि म्हणाले, “आतडी गप्प आहेत. लोळू देऊ नका. हळूहळू फिरवत राहा.”

ती रात्र मी तिला या देवळामागच्या वाटेवर फिरवली. रस्त्यावर नेता येईना, कारण ओल्या डांबरावर लोखंडी नाल सटकतो, आणि दुखण्याने वाकलेले चारशे किलोचे जनावर सटकले तर उठत नाही. वाटेची माती भिजून मऊ झाली होती, खूर रुतत होता, पण धरत होता. देऊळ ते नदी, नदी ते देऊळ, किती फेऱ्या झाल्या मोजल्या नाहीत. छत्री नेली नाही. ढोल, बँड, फटाके यांना न बिचकणारी ही बया छत्री उघडली की उधळते. पहाटे सव्वाचारला पोटात गुडगुडले आणि तिने लीद टाकली. माझी बायको बॅटरीच्या उजेडात त्या लिदीसमोर हात जोडून उभी राहिली. हसा खुशाल, मीही आता हसतो.

म्हणून पेव्हरचे ढीग वाटेच्या तोंडाशी पडलेले पाहिले तेव्हा मला प्रथम ती रात्र आठवली. पेव्हर दिसायला छान. पण आपल्या पावसात दुसऱ्या वर्षी त्यांच्यावर शेवाळ धरते, त्यावर माणूस घसरतो, नाल ठोकलेला खूर तर काचेवर चालल्यासारखा. शिवाय कडक जमिनीचा प्रत्येक दणका खुरातून सांध्यात जातो. ‘मग रस्त्याने फिरवा’ म्हणणाऱ्यांना विनंती, संध्याकाळी पाचला आमच्या चौकात पाच मिनिटे उभे राहा. खाणी पुन्हा सुरू होऊ लागल्या आहेत, ट्रकही परतत आहेत. घोड्याला आजूबाजूचे जवळजवळ सगळे दिसते, दिसत नाही ते नाकासमोर अगदी जवळचे आणि शेपटीमागचे. आणि आपल्या लोकांना भोंगा वाजवायची हौस नेमकी शेपटीमागे येते.

घोडा गोव्याला परका नाही, हेही जाता जाता. पोर्तुगीज यायच्या आधीपासून अरबस्तानातले घोडे इथल्या बंदरात उतरून घाट चढत, विजयनगरच्या पागेत जात. १५१० मध्ये गोवा घेणाऱ्यांची नजर या व्यापारावरही होती. जुन्या गोव्याच्या मुख्य रस्त्यावर सकाळी घोड्यांचा ‘लैलांव’ होई. त्या पोर्तुगीज शब्दाचाच आपण ‘लिलाव’ केला. म्हणजे पंचायतीच्या बाजाराचा लिलाव होतो तेव्हासुद्धा आपण त्या बाजारातलाच शब्द वापरतो. असो. इतिहासाच्या जोरावर वाट मागण्याइतका मी मोठा नाही, आणि बिजलीचे घराणेही अरबी नाही.

मागणे इतकेच आहे. वाट बारा फूट रुंद आहे, मी टेपने मोजली. आठ फुटांवर पेव्हर घाला. दोन स्कूटर समोरासमोर आरामात जातात, चालणाऱ्यांचे पाय चिखलात जात नाहीत. मळ्याच्या बाजूची चार फूट माती तशीच ठेवा. तिच्यावरून मळ्यातले पाणी मुरेल, शेतकऱ्यांचे बैल जातील, आणि गुडघेदुखीवाल्या आम्हा म्हाताऱ्यांनाही मातीच बरी. त्या पट्ट्यातले गवत मी काढीन, पावसाळ्यानंतर खड्डे मी भरीन. पंचायतीला तसे लेखी दिले आहे. पोच मिळाली, उत्तर यायचे आहे.

पत्रलेखक गृहस्थ सकाळी त्याच वाटेने फिरायला जातात, आम्ही एकमेकांना पाहिलेले आहे. त्यांनी एकदा सहाच्या सुमारास थांबावे. आम्ही नदीकडून परत येत असतो, बिजली दुडकी चालीत, धुके मळ्यावर गुडघाभर. गुळाचा खडा तळहात सपाट ठेवून द्यावा, बोटे आवळू नयेत. फक्त मागून येऊ नका, आणि पाऊस आला तरी छत्री उघडू नका.

आपला,
एक निवृत्त लाईनमन
(सध्या बिजलीचा मोतद्दार), तालुका डिचोली